दिवाळीचा ताण नेमका येतो कुठून?

दिवाळी जवळ आली की ताण घालवायच्या टिप्स फिरू लागतात. दीर्घ श्वास घ्या, मोबाइल बाजूला ठेवा. पण अनारशांचंच बघा: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून, दळून, गुळात कालवून पीठ मुरवायचं. हे सगळं वेळापत्रक बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असतं. ‘काही मदत हवी का?’ असं विचारलं, की काम वाटून देण्याचं कामही तिच्याच गळ्यात. त्यापेक्षा एक पदार्थ पूर्ण आपल्याकडे घ्या. चकली घेतलीत, तर भाजणी दळून आणण्यापासून सोऱ्या घासण्यापर्यंत. अनारसे यंदा विकत आणले तरी चालतील. मोठ्या आचेवर चकली वरून लाल होते, नंतर मऊ पडते. पहिला घाणा तसा झालाच, तर आईला बोलावू नका. गॅस बारीक करा.