चहाच्या पेट्या आणि सावकारांची नाकं

दोस्तांनो, शाळेत आपल्याला एक गोष्ट हमखास शिकवली. १६ डिसेंबर १७७३ ची रात्र. अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात गोरे वसाहतवाले जहाजांवर चढले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या त्यांनी समुद्रात फेकल्या. का? तर लंडनच्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? मास्तर हे छाती फुगवून सांगायचे. पेपरात पाच मार्कांना यायचं.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ साली, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात एक माणूस उठला. होन्या भागोजी केंगले. जांभोरीचा महादेव कोळी. त्याने चहा बुडवला नाही, सावकारांची नाकं कापली. हा धडा किती जणांच्या पुस्तकात होता? हात वर करा. चहा बुडवला की क्रांती, नाक कापलं की दरोडा. इतिहासाची दौत कोणाच्या घरात होती, ते वेगळं सांगायला नको.

पण नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. अमेरिकेचं भांडण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठी एक फार जुना सापळा आहे.

भांडण असं होतं. १७६३ साली इंग्लंडने फ्रान्सबरोबरची मोठी लढाई जिंकली आणि डोक्यावर कर्ज करून घेतलं. ते फेडायला अमेरिकेतल्या वसाहतींवर कर लावले. १७६५ साली स्टँपाचा कायदा आणला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, सगळ्यावर स्टँप. वकील, व्यापारी, छापखानेवाले खवळले. पुढच्या वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. मग दुसरे कर आले, मग चहा आला, मग १७७५ मध्ये गोळीबार सुरू झाला. ४ जुलै १७७६ ला जाहीरनामा निघाला की सगळी माणसं समान जन्मली आहेत. १७८३ साली इंग्रजाने हात टेकले. वसाहती स्वतंत्र झाल्या.

झालं? नाही झालं. मास्तरांनी न सांगितलेलं आता ऐका.

चहा बुडवायला गेलेल्यांतल्या अनेकांनी त्या रात्री मोहॉक आदिवासींचा वेष घेतला होता. तोंडाला काजळी, अंगावर घोंगडी. सोंग आदिवासीचं आणि राग कशाचा? रागाचं एक कारण असं की १७६३ साली लंडनच्या राजाने हुकूम काढला होता, ॲपलाशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करू नका, ती आदिवासींची जमीन आहे. राजाला आदिवासींचा पुळका आला नव्हता. त्याला नव्या लढाईचा खर्च नको होता. पण एवढी आडकाठीही गोऱ्या जमीनदारांना सोसवेना. स्वातंत्र्य मिळालं, आडकाठी गेली आणि ते डोंगरापलीकडे घुसले. ज्याचं सोंग घेतलं त्याचीच जमीन खाल्ली.

आणि काळे? समानतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यभरात ६०० च्या वर गुलाम बाळगले. हे पाहून व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये डाव टाकला. बंडखोर मालकांच्या ज्या गुलामांना हत्यार धरता येतं, त्यांनी राजाच्या फौजेत यावं, ते स्वतंत्र. हजारो पळाले. स्वतः डनमोरच्या घरी गुलाम होते, ते मात्र या हुकुमात बसत नव्हते. अनेक जण त्याच्या छावणीत देवीच्या साथीने मेले. लढाई हरल्यावर तीनेक हजार काळ्यांना इंग्रजांनी जहाजांतून नोव्हा स्कोशियात नेऊन सोडलं. तिथे कबूल केलेली जमीन कुणाला मिळाली, कुणाला नाही, मिळाली ती खडकाळ. १७९२ साली त्यातले बाराएकशे पुन्हा जहाजात बसून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. इकडे नव्या स्वतंत्र देशाने १७८७ साली घटना लिहिली, त्यात प्रतिनिधी मोजताना गुलाम म्हणजे माणसाचा पाचातला तीन हिस्सा. गुलामगिरी कायद्याने गेली १८६५ साली. १७७६ पासून मोजा. ८९ वर्षं.

दोन मालक भांडतात तेव्हा दोघांनाही आपली आठवण येते. एकाला आपलं सोंग हवं असतं, दुसऱ्याला आपलं मनगट. हाच तो सापळा.

आता जुन्नरला या.

भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरातून निघते. आंबेगावची घोड आणि जुन्नरची कुकडी शेवटी तिलाच मिळतात. या भीमेच्या काठी कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी आपले पूर्वज कंपनीच्या पलटणीतून पेशवाईविरुद्ध लढले. तिथल्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली नावं आजही वाचता येतात. ज्या पेशवाईने गळ्यात मडकं बांधलं, तिच्याविरुद्ध ते लढले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण इंग्रजाने त्याची परतफेड कशी केली? १८७४ साली वतनाचा कायदा करून गावकीची राबणूक कागदावर पक्की केली. आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची पलटणीतली भरती बंद केली. काम संपलं, शिपाई पुन्हा महारवाड्यात. डनमोरची जहाजं फक्त पाण्यावरच चालत नव्हती.

डोंगरातल्या कोळ्याचं काय? १८३९ साली घोडेगावच्या महालकऱ्याच्या खजिन्यावर कोळी चालून गेले होते. १८४८ साली राघोजी भांगरे ठाण्याला फासावर गेला. पण पुढे साम्राज्य फक्त खजिन्याच्या पेटीत राहिलं नाही. ते सावकाराच्या वहीत शिरलं. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली तेव्हा तिथला कापूस अडला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळला. सरकारने त्याच काळात सारा वाढवला. शेतकरी सावकाराकडे गेला, सावकार खत घेऊन कोर्टात गेला, कोर्टाने हुकूमनामा दिला, बेलिफ दारात आला. बोस्टनचे व्यापारी स्टँपावरून राजाशी भांडले. इथे स्टँपाचा कागद सावकाराच्या हातात होता आणि राणी त्याच्या पाठीशी. इथे दोन मालकांचं भांडण नव्हतंच. भागीदारी होती.

होन्याने त्या भागीदारीवर घाव घातला. सरकारने त्याच्या डोक्यावर १००० रुपये लावले. खास पोलीस तुकड्या रानात घातल्या. तीन पावसाळे तो सापडला नाही, कारण गावोगावची माणसं त्याची होती. १८७६ च्या जुलैत तो पकडला गेला. मधल्या काळात, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. पुस्तकात याचं नाव 'दख्खनचे दंगे'. दंगे! १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला तो या दंग्यांमुळे, पुण्यातल्या भाषणांमुळे नव्हे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ ला, जंगलाचा कायदा आला आणि कोळ्याचं रान सरकारी झालं. एका हाताने खत सैल केलं, दुसऱ्या हाताने रान आवळलं.

जोतिबांनी हे सगळं ओळखलं होतं. होन्या उठला त्याच १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि सत्यशोधक समाज काढला. पुस्तक अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या लोकांना. पण चहा बुडवला म्हणून नव्हे, काळ्यांची गुलामगिरी मोडली म्हणून. दोस्तांनो, या निवडीत सगळं राजकारण आहे. १७७६ नव्हे, १८६५. मालक बदलल्याची तारीख नव्हे, बेडी तुटल्याची तारीख. पुढे १८८० च्या दशकात जुन्नरच्या ओतूरला सत्यशोधकांनी भटाशिवाय लग्नं लावली, तर जोशी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी राणीच्या कोर्टात गेले. घरातलं लग्न आमचं, दक्षिणेचा दावा त्यांचा, कोर्ट साम्राज्याचं. १९७२ साली मुंबईच्या पोरांनी संघटनेला नाव शोधलं तेही वॉशिंग्टनच्या घरातून नव्हे, ओकलंडच्या काळ्या पोरांकडून.

आणि बाबासाहेब? १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांना दोन खुर्च्या दाखवल्या होत्या. इंग्रजाची आणि काँग्रेसची. त्यांनी इंग्रजाला त्याच्याच घरात तोंडावर विचारलं, तुमच्या एवढ्या वर्षांच्या राज्यात आमची विहीर उघडली का, देऊळ उघडलं का, पलटण उघडी ठेवलीत का? आणि त्याच दमात स्वराज्यही मागितलं, पण आमच्या हातात सत्तेचा वाटा देणारं. त्यांनी डनमोर नाकारला आणि जेफर्सनही नाकारला. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना पुरी होताना त्यांनीच बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार दिवस चालला तर ही इमारत कोसळेल.

स्वातंत्र्य आलं. महारकीचं वतन गेलं ते १९५८ च्या कायद्याने, ११ वर्षांनी. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं आणि तालुक्याला ज्याचं नाव, ते आंबेगाव गावच पाण्याखाली गेलं. पाणी कालव्यांनी खालच्या मैदानात, माणसं वरच्या खडकावर. १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. रान पुन्हा एकदा कोळ्याचं नाही. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडलं आणि त्याचे दावे घेऊन माणसं अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. हिरडा गोळा करणारा डोंगरात, भाव ठरवणारा बाजारपेठेत.

म्हणून स्वातंत्र्य खोटं म्हणायचं का? नाही. तो शेंबडा पवित्रा झाला. लंडनचं राज्य गेलं हे चांगलंच झालं. घटना आपल्या बापाने लिहिली आहे, ती फेकून द्यायला आपण खुळे नाही. सांगायचं एवढंच की साम्राज्य गेलं ही अर्धी बातमी. वही कोणाच्या हातात राहिली, ही उरलेली अर्धी.

आणि एक कडू गोष्ट आपल्यालाही. खतावर कोळ्याचा अंगठा, वतनात महाराचा घाम. दोघांच्या मानेवर हात एकच, पण पाणवठे दोन राहिले. होन्याची गोष्ट आपण 'त्यांची' म्हणून सोडली, कोरेगाव त्यांनी 'यांचं' म्हणून सोडलं. शहरात वाढलेल्या पोरांनो, जयंतीच्या मिरवणुकीत नाचा, जरूर नाचा. पण वर्षातून एकदा एसटीने घोडेगाव, जांभोरीकडे जा. डिंभ्याच्या काठावर उभे राहा. ज्याचा दावा अडलाय त्याचा कागद वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या, त्याच्यासोबत कचेरीत बसा. आपल्या हातात आता दौत आलीय. ती फक्त कवितेसाठी नाही.

पुढच्या वेळी कोणी बोस्टनचा चहा सांगू लागला, तर ऐकून घ्या. मग विचारा, मास्तर, त्या रात्री वेष कोणाचा घातला होता?