उजाडताना बघायचं तर कोणाला विचारायचं?

गेल्या वर्षी माझी मुंबईची भाची बालीला जाऊन आली. तिथे बातूर नावाचा जागता ज्वालामुखी आहे, १७१७ मीटर उंच. मध्यरात्रीनंतर वाटाड्या हातात विजेरी देतो, अंधारात चढायचं आणि वर बसून सूर्य उगवताना बघायचा. तिचे फोटो आमच्या घरी सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. माझ्या दिरांनी तर शेजारी नेऊन दाखवले.

दोन महिन्यांनी आमच्या बचत गटाने कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर जाऊन उजाडताना बघायचं ठरवलं, तेव्हा हेच भाऊजी म्हणाले, "वहिनी, रात्रीचं बायकांनी कुठं निघायचं? लोक काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, पोफळी सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. डोंगर आमच्या उगवतीला भिंतीसारखा उभा. सूर्य त्याच्यावरून डोकावतो तोवर चांगला वर आलेला असतो. पाणी, चूल, डबे यांसाठी पाचला उठणाऱ्या आम्ही, पण उगवता सूर्य पाहिलेली बाई आमच्या गटात एकही नव्हती. हाही डोंगर ज्वालामुखीनेच रचलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर थंड होऊन हा काळा पाषाण झाला. तेव्हा ज्वालामुखी चढायला बालीलाच जायला हवं असं नाही!

रात्र बाईची नाही असं म्हणतात, पण ते खरं नाही. हरतालिकेला जागवा, मंगळागौरीला पहाटेपर्यंत फुगड्या घाला, कोणी अडवत नाही. देवाच्या नावाने मागितली की रात्र मिळते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. सासूबाई सांगायच्या, त्यानंतर कित्येक रात्री गावातल्या बाया पोरांना घेऊन उघड्यावर झोपल्या. तेव्हा लोक काय म्हणतील हे कोणाला सुचलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली, तीही संरक्षणाच्या नावाखाली. दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला मात्र कोणी घरी बसवलं नाही. तिची गरज होती ना!

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. घाटात बिबट्या आहे, आणि रात्री गाडी थांबवून हटकणारेही आहेत. म्हणून आम्ही घाटरस्ता जीपने गेलो आणि वरची टेकडी तेवढी पायी चढलो. वाट दाखवायला धनगरवाड्यातल्या एक मावशी होत्या. गुरांमागे त्यांचा जन्म त्या रानात गेलेला.

आता आमच्याच घरचं सांगते. मावशींना पैसे द्यायचे म्हटल्यावर गटातच वाद झाला. "त्या तर रोजच चढतात, त्यांना कसले पैसे?" हे बोलणारी कोणी सासू किंवा नवरा नव्हता, आमचीच कार्यकर्ती होती. बालीतल्या वाटाड्याला माझ्या भाचीने घासाघीस न करता पैसे मोजले होते. तो चढला की ते कौशल्य, आणि मावशी डोक्यावर मोळी घेऊन चढल्या की ती सवय? तासभर भांडून दोनशे रुपये ठरले. मला ते अजूनही कमीच वाटतात.

कळसूबाईची दंतकथा तुम्हाला माहीत असेल. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर कळसू कामाला राहिली. अट मोडली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं शिखर आज तिच्या नावाने आहे. आम्हाला मात्र अकरा जणींना एका पहाटेपुरतं जायचं होतं, तरी चार घरांत अबोला झाला आणि दोघी ऐनवेळी गळाल्या.

आम्ही नऊ जणी वर पोचलो तेव्हा कोयनेचं खोरं धुक्याने भरलेलं होतं. सूर्य आला. मावशींनी त्याच्याकडे पाठ करून तंबाखू मळली. सव्वानऊला घरी परतले, तर भाऊजींनी स्वतः चहा करून घेतला होता. साखर कुठे असते ते न सापडल्याने बिनसाखरेचा.

पाऊस सरला की पुन्हा जाणार आहोत. अलोरे, शिरगाव, चिपळूणच्या गटांनी जरूर यावं. विजेरी, काठी आणि मावशींचे पैसे आणायचे. या खेपेला तीनशे.