पक्षाघात, पेप्टाइड आणि आपला विवेक

पक्षाघाताच्या रुग्णाचे आप्त हल्ली वैद्याकडे येतात, ते एक प्रश्न घेऊनच : “मेंदूच्या पेशी वाचवणारे इंजेक्शन द्यावे का?” यांतील काही इंजेक्शने पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांची असतात. त्यांचा इतिहास आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी डोळसपणे पाहावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी अवरुद्ध झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असे गणित २००६ साली मांडले गेले. पेशींभोवती ग्लुटामेट साचते, कॅल्शियम आत शिरते व पेशीचा नाश ओढवतो. ही साखळी मध्येच तोडण्यासाठी कॅनडात नेरिनेटाइड हे २० अमिनो आम्लांचे पेप्टाइड विकसित झाले. माकडांत त्याचा लाभ दिसला. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १,१०५ रुग्णांच्या चाचणीत ९० दिवसांनंतर औषधगटातील ६१.४ टक्के, तर प्लासिबो गटातील ५९.२ टक्के रुग्ण स्वावलंबी होते. हा फरक निर्णायक ठरला नाही. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज ज्यांना दिले नव्हते, त्यांच्यात मात्र लाभ दिसला. कारण अल्टेप्लेजमुळे निर्माण होणारे प्लास्मिन हे पेप्टाइडच तोडते. म्हणून तशाच रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. २०२४ साली तिचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा तो लाभही सिद्ध झाला नाही.

डुकराच्या मेंदूपासून तयार होणाऱ्या सेरेब्रोलायसिनची कथाही वेगळी नाही. आशियातील १,०७० रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लाभ सिद्ध झाला नाही. कॉक्रेन समीक्षेतही मृत्यूंत घट आढळली नाही. उलट गंभीर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता नोंदवली गेली.

हे वाचून काही वैद्यबंधूंना समाधान वाटेल. मला ते वाटत नाही. त्यांनी आपले अपयश आकड्यांसह छापले. आपण काय करतो? उंदरांवरील एखाद्या प्रयोगाच्या आधारे ब्राह्मी-शंखपुष्पीच्या गोळ्यांवर ‘न्यूरोप्रोटेक्टिव्ह’ असे छापतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे आणि तो बरा करण्याची जाहिरात निषिद्ध आहे, हेही सोयीस्करपणे विसरतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. वाकड्या झालेल्या तोंडाचा एक गृहस्थ सकाळी दवाखान्यात आला. मी अर्दित समजून नस्याची तयारी केली. त्याच्या कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडत होत्या, हे मी पाहिलेच नाही. सामान्य अर्दितात विकृत बाजूच्या आठ्या नाहीशा होतात. त्या टिकून असतील, तर दोष मेंदूत असल्याची शंका घ्यावी लागते. दुपारी त्याचा हात लुळा पडला, तेव्हा मी जागा झालो. आता तो कुबडीच्या आधाराने चालतो. ते गेलेले तास कोणतेही पेप्टाइड वा रसायन त्याला परत देणार नाही.

चरकांनी शिराला तीन महामर्मांत स्थान दिले आहे. मर्मावर आघात झाला असता वैद्याने घटका मोजायच्या असतात. गुठळी विरघळवण्याचे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी नळीने काढता येते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाणी अडखळणे, यांपैकी काहीही अकस्मात घडले, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णाला सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. औषधविक्रेत्यांनी ॲस्पिरिनची गोळीही हाती देऊ नये. मेंदूत रक्तस्राव असल्यास ती घातक ठरू शकते.

आपले क्षेत्र त्यानंतरचे आहे. रुग्ण स्थिर झाल्यावर स्नेहन, स्वेदन, मृदू विरेचन व बस्ती यांचा विचार अवश्य करावा. व्यायामोपचार थांबवू नयेत. सुश्रुतांनीही धातुक्षयजन्य पक्षाघात असाध्य म्हटला आहे, ते वचन आप्तांना सांगण्याचे धैर्य ठेवावे. आणि प्रत्येक रुग्ण ९० व्या दिवशी स्वतः चालतो का, जेवतो का, याची नोंद वहीत करावी. यश आले तरी लिहावे, न आले तरी लिहावे. आपल्या शास्त्राविषयी आदर वाढवायचा असेल, तर लेबलावरील शब्दांपेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल.