चिमणी ती चिमणी? मला पटत नाही!

मागच्या महिन्यात आपल्या वर्गात "माझा आवडता पक्षी" हा निबंध होता. मी लिहिले, "न्युरेम्बर्गमध्ये दोन प्रकारच्या चिमण्या आहेत." वही परत आली तेव्हा "दोन प्रकारच्या" या शब्दांखाली लाल रेघ होती. सगळे हसले. म्हणाले, चिमणी ती चिमणी!

पण दोन आहेतच. कौलांखाली घरटे करते ती हाउसश्पेर्लिंग. हीच आजीच्या अंगणातली चिमणी. तिच्यातल्या नराचे डोके वरून राखाडी आणि गळा काळा, मादी साधी मातकट. दुसरी फेल्डश्पेर्लिंग, म्हणजे शेतातली चिमणी. ती मला क्नोब्लाउख्सलांडमधल्या भाजीच्या मळ्यांजवळ दिसली. ती थोडी लहान असते. डोक्यावर तपकिरी टोपी आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका, जणू आईने दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट! तिच्यात नर-मादी सारखेच दिसतात. दोघी दाणे टिपतात, पण पिल्लांना मात्र किडे भरवतात.

कोणी म्हणेल, एका ठिपक्याने काय बिघडते? माझ्या मते पुष्कळ बिघडते. जर्मनीत घरातली चिमणी अजून भरपूर आहे, पण शेतातली कमी होत आहे आणि तिचे नाव धोक्याच्या इशारा-यादीत आहे. ढोली असलेली जुनी झाडे, बांधावरचे तण आणि किडे कमी झाले की तिचे हाल होतात. दोघींना आपण एकच समजलो, तर एक नाहीशी झालेली कळणारसुद्धा नाही.

सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ते "चिमणी ती चिमणी" म्हणाले नाहीत. ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे गेले. तिथूनच त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. त्या पिवळ्या गळ्याच्या पक्ष्याला मराठीत रानचिमणी म्हणतात. मग आपल्या इथल्या तीटवालीला शेतचिमणी म्हणू या का?

दर वर्षी मे महिन्यात इथे बागेतल्या पक्ष्यांची गणना असते. बायर्नमध्ये ती एलबीव्ही ही संस्था घेते. आपल्याजवळच्या हिल्पोल्टश्टाइनलाच तिचे मुख्य कार्यालय आहे. फक्त एक तास पक्षी मोजायचे. मित्रमैत्रिणींनो, या वेळी आपण सगळे मोजू या, आणि चिमणी दिसली की आधी तिचा गाल बघा.

आणि बाई, तुम्हालाही तो ठिपका दिसला, तर माझी लाल रेघ खोडाल ना?