तार कुणाची?

नायगावला आमच्या सोसायटीच्या आवारात मराठीवर गप्पा रंगल्या होत्या. मीही चार वाक्यं बोललो, तर शेजारचे एक काका कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो! पण तुमची मातृभाषा उर्दू ना?" हा प्रश्न आयुष्यात किती वेळा ऐकला, मोजदाद नाही. मी हसून सोडून दिलं. पुढे जुन्या दिवसांच्या आठवणींत तारेचा विषय निघाला. काका म्हणाले, "बघा, तार हा शब्दही तुमचाच. फारसी!" तिथे मात्र मी अडलो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी लहान असताना तार आली होती. चाचा नोकरीसाठी कुवेतला गेले होते. पोस्टमन दारात दिसताच कुणीतरी ओरडलं, "तार आयली!" आणि दादीनं रडायला सुरुवात केली. तार म्हणजे मौत की खबर, एवढंच तिला ठाऊक. मजकूर इंग्रजीत. वाचायला शेजारच्या वाडीतल्या मास्तरांकडे धावावं लागलं. त्यांनी वाचलं: सुखरूप पोहोचलो. दादीनं आधी शुक्राना अदा केला, मग चाचांना शिव्या घातल्या.

"तार आयली" ही हाक उर्दू नव्हती. ती आमच्या घरातली कोकणी होती, आणि हिंदू शेजाऱ्यांच्या घरातही अशीच हाक उठायची. दुःखाची बातमी माणूस मातृभाषेतच ऐकतो. काकांना उत्तर द्यायचं तर एवढं पुरेसं होतं.

पण शब्दाची गोष्ट याहून मजेशीर आहे. फारसीत तार म्हणजे धागा, तंतू. सतार हा शब्दही त्याच घरातला, सेह-तार म्हणजे तीन तारांचं वाद्य. मात्र इराणी माणूस आलेल्या तारेला तार म्हणत नाही. तो तेलेग्राफ म्हणतो, म्हणजे त्यानं युरोपातून आलेला शब्द ठेवून घेतला. धातूच्या तारेवरून येणाऱ्या निरोपालाच तार म्हणायचं, ही करामत इथली. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती बोलणाऱ्यांनी ती केली. मग हा शब्द इराणचा म्हणायचा की आपला?

बाकीच्यांनीही हेच केलं. तमिळ माणसानं तंतूवरून 'तंती' म्हटलं. 1942 साली मदुराईत सुरू झालेल्या 'दिनतंती' या दैनिकाच्या नावात तो शब्द आजही आहे. मल्याळीत 'कंबी', म्हणजे पुन्हा धातूची तारच. अरबांना तारेपेक्षा तिचा वेग भावला. बर्क म्हणजे वीज, म्हणून तार झाली 'बर्किया'. मेराजच्या बुराकचं नावही याच बर्कशी जोडलं जातं. हिब्रूतला 'मिव्राक' हा शब्दही विजेवरूनच आला. अरब आणि यहुदी यांचं जमिनीवर काहीही होवो, तारेला नाव देताना दोघांनी एकाच आकाशाकडे पाहिलं.

शुद्धतेचा आग्रह इंग्रजांनीही धरून पाहिला. 'टेलिग्राम' हा शब्द 1852 साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात सुचवला गेला. तो ग्रीक व्याकरणात बसत नाही, म्हणून विलायतेतल्या पंडितांनी ओरड केली. पंडितांचं ऐकलं कुणी? जगभर टेलिग्रामच रुळला. व्याकरणशुद्ध 'तिलेग्राफिमा' फक्त ग्रीसमध्ये राहिला.

आमच्या वसईत तर हे समजायला पुस्तकही लागू नये. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, पण चावी, पगार, बटाटा, पाव हे त्यांचे शब्द मागे राहिले. पगार घेताना कुणी त्याची जात विचारत नाही. तारेच्या बाबतीतच, आणि तार बोलणाऱ्याच्या बाबतीतच, हा प्रश्न का पडावा?

उर्दूशी माझं भांडण नाही. ती गोड भाषा आहे, मला वाचायला आवडते. पण जी भाषा मला आवडते ती आणि जिच्यात माझी दादी रडली ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यातलेही काही लोक मुसलमान म्हणजे उर्दूच, असं धरून चालतात. तेही काकांइतकेच चुकतात. घरात मराठी बोलायची आणि जनगणनेच्या कागदावर मातृभाषा उर्दू लिहायची, मग इतरांनी परकं म्हटलं की वाईट वाटून घ्यायचं, हे बरोबर नाही.

"तुमचं मराठी छान आहे" यात मला खटकतं ते एवढंच. असं कौतुक पाहुण्याचं करतात. घरच्या माणसाला घरात राहिल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही.

15 जुलै 2013 पासून देशातली तारसेवा बंद झाली. शब्द मात्र राहिला. परवा काकांना दादीच्या तारेचा किस्सा सांगितला, तर ते म्हणाले, "आमच्याकडेही असंच व्हायचं हो. तार न वाचताच आई रडायला लागायची." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे तार आपलीच."

मी म्हटलं, "तेच तर सांगतोय, काका."