पुस्तक निवडण्याआधी कातळ ओळखा

प्रस्तरारोहणाची मोहीम ठरली की सोबत कोणते मार्गदर्शक पुस्तक घ्यायचे, हा निर्णय बऱ्याचदा लेखकाच्या नावावर किंवा नोंदींच्या संख्येवर उरकला जातो. आमच्या मते दोन गोष्टी आधी तपासायला हव्यात. पुस्तक कोणत्या खडकावर बेतलेले आहे, आणि त्यातली नोंद कोणत्या साली, प्रत्यक्ष चढून केलेली आहे. भंडारा जिल्ह्याचा विचार केला तर हे मुद्दे किती महत्त्वाचे आहेत ते लगेच ध्यानात येते. मराठीतले बहुतेक चढाईविषयक लेखन सह्याद्रीत घडले आणि सह्याद्री म्हणजे बेसाल्ट: आडवे थर, उभ्या भेगा, थराथरावर गवताच्या पट्ट्या आणि घसारा. तुमसरच्या उत्तरेकडच्या टेकड्या मात्र सौसर गटाच्या रूपांतरित खडकांच्या आहेत. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी याच गटातल्या. इथे क्वार्टझाइट आणि शिस्ट भेटतो. शिस्ट पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. पापुद्र्यांमधल्या फटीत मेख ठोकली की प्रत्येक घावासरशी फटच रुंदावते, आणि भार पडताच अख्खी पाटी मेखेसकट निखळू शकते. ठोकताना मेखेचा सूर चढत जाण्याऐवजी आवाज पोकळ येऊ लागला, तर तिथे दोर अडकवू नये. क्वार्टझाइटची तऱ्हा उलटी. तो इतका कठीण की बोल्टसाठी हाताने भोक पाडताना बिट लवकर बोथट होतात. बेसाल्टवरच्या अनुभवातून पुस्तकात दिलेला वेळ आणि साहित्याची यादी इथे तशीच्या तशी लागू पडत नाही. यात त्या लेखकांचा दोष नाही. त्यांनी भंडाऱ्यासाठी लिहिलेच नव्हते.

सालाचा मुद्दाही तितकाच ठोस आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकांत भंडारा जिल्ह्यात दाखवलेले प्रतापगड आणि कचारगड आज गोंदियात आहेत, म्हणजे परवानगीसाठी जायचे कार्यालयही बदलले. 2013 मध्ये कोका अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही घोषित झाला. त्यापूर्वी छापलेली जंगलवाट आज कायद्याने बंद असू शकते. आंबागड किल्ल्याचा इतिहास जुन्या गॅझेटियरमध्ये जरूर वाचावा, पण तिथे कसे पोहोचायचे आणि कुठे चढू नये, हे त्यात शोधू नये. किल्ल्याच्या तटाला मेख लावायची नसतेच, हे वेगळे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, मोबाइलवर जीपीएसची वाट मिळते, मग पुस्तक कशाला? ती वाट कोणी कुठून गेले एवढेच सांगते. जाणारा मध्येच का वळला, उतरताना दोर कशाला बांधला, कोणत्या कपारीत आग्यामोहोळ होते, हे सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्थानिक पुस्तिकांत चढाईची श्रेणी नसते, मग त्यांवर विसंबायचे कसे? श्रेणी म्हणजे एकाच भागात चढणाऱ्यांनी एकमेकांशी ताडून पाहिलेला अंदाज. आरोहक ओवेन ग्लिन जोन्स यांनी 1897 च्या पुस्तकात इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढाया काठिण्यानुसार मांडल्या. तो प्रयत्न टिकला, कारण पुढच्या आरोहकांनी त्याच कातळांवर चढून तो तपासला. ज्या कड्यावर अजून फारसे कोणी चढलेले नाही, तिथली श्रेणी छापलेली असली तरी तो एका माणसाचा कयासच. त्यापेक्षा पाणी कुठे आहे, मोहफुलांच्या हंगामात गावकरी कोणत्या उतारावर असतात, एप्रिलमध्ये कातळ किती वाजता हाताला चटके देऊ लागतो, हे सांगणारी श्रेणीविना पुस्तिका आम्ही आधी पिशवीत टाकू.

भंडाऱ्याच्या कातळांचे स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. तसे निघेपर्यंत मोहीमप्रमुखांनी भूवैज्ञानिक नकाशा, सर्वेक्षण विभागाचा नकाशा आणि वनखात्याची ताजी परवानगी ही तिन्ही सोबत ठेवावीत. सह्याद्रीवरचे पुस्तक तंत्राच्या उजळणीपुरतेच न्यावे. या हंगामात जे तिकडे जातील त्यांनी प्रत्येक चढाईची तारीख, खडकाचा प्रकार, वापरलेले अँकर आणि उतरण्याची वाट लिहून आमच्याकडे पाठवावी. जिथून माघार घ्यावी लागली, त्या जागांची नोंद कारणासह आवर्जून पाठवावी. ती आम्ही आधी छापू.