लाज कशाची वाटावी?

कोणत्याही बालवाडीत खेळाच्या वेळी जाऊन एका कोपऱ्यात शांतपणे बसावे. तीन वर्षांची मुले-मुली वाळूच्या एकाच ढिगाऱ्याभोवती जमलेली असतात. एक जण घर बांधतो, दुसरी ते मोडते, तिसरा नुसताच मुठीतून वाळू सोडत बसतो. शेजारी मुलगा आहे की मुलगी, याची फारशी दखल कोणी घेत नाही. दोन वर्षांनी तीच मुले पुन्हा पाहावीत. भातुकलीच्या कोपऱ्यात मुली आणि ठोकळे-मोटारींच्या कोपऱ्यात मुलगे, अशी विभागणी झालेली असते. मध्ये रेघ कोणी आखलेली नसते, पण ती सर्वांना दिसत असते. एखादा मुलगा खोट्या चुलीवर खोटा चहा उकळायला भातुकलीत जाऊन बसला, तर बाईंचे लक्ष जाण्यापूर्वी त्याचे सवंगडीच ओरडतात, "तो बघा, मुलींत खेळतोय!" मुलगा कपबशी खाली ठेवतो आणि उठतो. बालवाडीच्या नोंदवहीत या घटनेची नोंद होत नाही. मात्र पाच वर्षांच्या एका बालकाने आयुष्यभर पुरेल असा धडा त्या दिवशी घेतलेला असतो.

मुलांवर संस्कार आपणच करतो, अशी आई-वडिलांची, आजी-आजोबांची आणि शिक्षकांची समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. बालवयातील समवयस्कांचा गट हाही एक गुरू आहे, आणि तो फार कठोर गुरू आहे. त्याची शिक्षा तत्काळ असते आणि तिच्यावर अपील नसते. मुलगा म्हणजे काय आणि मुलगी म्हणजे काय, हा पाठ तर मुले मुख्यत्वे एकमेकांकडूनच गिरवतात.

एलेनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही मुलांचा त्यांच्या वाढीच्या वयात दीर्घकाळ अभ्यास केला. १९८७ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष आजही विचार करायला लावतात. साडेचार वर्षांची मुले आपल्यासारख्याच सवंगड्यांबरोबर, म्हणजे मुलगे मुलग्यांबरोबर आणि मुली मुलींबरोबर, इतरांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळ खेळत होती. साडेसहाव्या वर्षी हे प्रमाण तब्बल अकरा पटींवर गेले. अवघ्या दोन वर्षांत एवढे अंतर पडले, आणि ते मोठ्यांनी आज्ञा केली म्हणून पडलेले नव्हते. मोठ्यांचे लक्ष जेथे कमी, तेथे ही विभागणी अधिक ठळक होते, असेही मॅकोबी यांनी दाखवून दिले.

असे का होते? बालमनाची जडणघडण त्याचे एक उत्तर देते. दोन-तीन वर्षांचे मूल 'मी मुलगा' किंवा 'मी मुलगी' असे सांगू लागते. पण ही ओळख कायमची आहे, हे त्याला उमगलेले नसते. केस वाढवले किंवा फ्रॉक घातला तर मुलाची मुलगी होईल, असे त्या वयात अनेकांना मनापासून वाटते. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९६६ मध्ये या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. ही ओळख बाह्य रूपावर अवलंबून नाही, हे सहा-सातव्या वर्षाच्या सुमारास पक्के होते. तोपर्यंत मूल चाचपडत असते, आणि चाचपडणाऱ्याला नियमांचा आधार लागतो. म्हणून पाच-सहा वर्षांचे मूल या बाबतीत एखाद्या कर्मठापेक्षाही कर्मठ असते. गुलाबी रंग मुलींचा, रडणे मुलींचे, क्रिकेट मुलग्यांचे! घरात डॉक्टर आई असूनही 'डॉक्टर तर पुरुषच असतात' असे ठणकावून सांगणारी मुले याच वयाची असतात. पुढे समज वाढते तसा हा ताठरपणा सैल होऊ लागतो. म्हणजे प्रश्न ताठरपणाचा नसून, त्या दोन-तीन वर्षांत त्याला मोठ्यांकडून कोणते खतपाणी मिळते, याचा आहे.

येथे दोन टोकांचे पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, स्त्री-पुरुषभेद ही सगळी समाजाची कारागिरी आहे. खेळणी बदलली की माणूस बदलेल. हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. एका विशिष्ट जन्मजात ग्रंथिविकारामुळे गर्भावस्थेत पुरुषी संप्रेरकांचा अधिक परिणाम झालेल्या मुली पुढे मोटारी, ठोकळे अशा खेळण्यांकडे इतर मुलींपेक्षा अधिक वळतात, असे अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा निसर्गाचा वाटा नाकारता येत नाही. दुसरा पक्ष निसर्गाचेच नाव घेऊन हात झटकतो. मुलगे दांडगटच असायचे आणि मुली सोशिकच असायच्या, त्यात काय करायचे, असे त्याचे म्हणणे. यालाही उत्तर आहे. केनियातील लुओ समाजात काही घरी हाताखाली मुलगी नसे, म्हणून पाणी भरणे, स्वयंपाकाला मदत करणे, तान्ह्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुलग्यांकडे येत. कॅरोल एम्बर यांनी अशा मुलग्यांचे निरीक्षण करून १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. घरातली ही कामे करणारे मुलगे इतर मुलग्यांच्या तुलनेत कमी आक्रमक आणि वागण्यात अधिक सौम्य होते. त्यांना कोणी प्रवचन दिले नव्हते. त्यांच्या हाती काम दिले गेले होते, आणि कामाने त्यांचा स्वभाव घडवला होता. संस्कार हा उपदेशातून नव्हे, तर कृतीतून होतो, हे आपल्याकडील जुने सूत्र आफ्रिकेतील त्या खेड्यात सिद्ध झाले, असेच म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला यासाठी फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यातील पहिल्याच रात्रीची कथा वटसावित्रीच्या व्रताची आहे. आजारी आईला वडाच्या प्रदक्षिणा घालणे झेपत नाही. त्या आपल्या वतीने श्यामने घालाव्यात, असे ती सांगते. श्याम कचरतो. प्रदक्षिणांचे श्रम त्याला नको असतात असे नाही; बायकांच्या व्रतात आपण दिसलो तर लोक हसतील, याचे त्याला भय वाटते. चांगले काम करताना लाज कसली, लाज वाटावी ती वाईट करताना, असे आई त्याला समजावते. श्याम जातो आणि प्रदक्षिणा पूर्ण करतो. पिढ्यानपिढ्या मराठी घरांनी ही कथा मातृभक्तीची म्हणून वाचली, आणि ती तशी आहेच. पण सवंगड्यांच्या हसण्यापुढे मूल किती अगतिक होते आणि त्या अगतिकतेतून त्याला कोण बाहेर काढू शकते, याचीही ती कथा आहे. भातुकलीतून उठलेल्या त्या मुलाला त्या क्षणी असे कोणी भेटले नाही, एवढाच फरक.

या दोन जगांची किंमत कोण मोजतो? कॅरोल मार्टिन आणि रिचर्ड फेब्स यांनी २००१ मध्ये बालवाडीतील मुलांविषयी नोंदवले की, मुलगे जितके केवळ मुलग्यांत खेळत तितका त्यांचा दांडगेपणा पुढच्या महिन्यांत वाढत जाई. मुली जितक्या केवळ मुलींत, तितक्या त्या धावपळीच्या खेळांपासून आणि आक्रमकपणापासून दूर जात व मोठ्यांच्या आसपास घुटमळत. संगतीची ही मात्रा हळूहळू अंगात भिनते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. २०१७ मध्ये लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात पाच वर्षांच्या मुली 'अतिशय हुशार' व्यक्ती म्हणून स्त्रीकडे बोट दाखवण्यात मुलग्यांच्या मागे नव्हत्या. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र त्यांचा हा विश्वास डळमळला, आणि 'फार हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेल्या खेळातील त्यांचा रसही कमी झाला. अभ्यास परदेशातला आहे, हे खरे. पण 'गणित मुलींना झेपत नाही' हे वाक्य ज्यांच्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, त्यांनीच निश्चिंत राहावे.

मग आपल्याकडे काही वेगळे होते का? होते आणि नव्हतेही. वाड्यातल्या अंगणात चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची चुलत, मामे, आते भावंडे एकत्र खेळत. लगोरीत किंवा डबा ऐसपैसमध्ये धाकट्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. तो बाद झाला तरी बाद होत नसे. स्पर्धेच्या आत दुबळ्याला सांभाळून घेण्याची ही सोय कोणत्या शिक्षणतज्ज्ञाने शोधली नव्हती. ती मुलांच्याच लोकशाहीत निर्माण झाली होती. ताईच्या हाताखाली खेळलेल्या भावाला मुलगी हा परका प्राणी वाटत नसे. झाशीच्या राणीच्या चरित्रांतून बिठूरची मनू भेटते, ती नानासाहेबांसारख्या मुलग्यांच्या बरोबरीने घोडदौड आणि तलवारबाजी शिकलेली. तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्या सवंगड्यांचाही विचार करावा.

तथापि, जुने ते सर्व सोने नव्हते. त्याच अंगणात भाऊ विटीदांडू खेळत असताना कडेवर तान्हे घेऊन ओट्यावर उभी राहिलेली आठ वर्षांची बहीणही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम करताना हे जवळून पाहिले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुले, त्यातही मुली, शाळेबाहेर राहतात, हे जाणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी 'विकासवाडी' उभी केली. परंपरेतील वात्सल्य जपावे आणि तिच्यातला अन्याय दूर करावा, हा सुधारणेचा मार्ग त्यांनी कृतीने दाखवला.

आज ते अंगणही राहिले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ आहे. याचा साधा अर्थ असा की, बहीण नसलेले भाऊ आणि भाऊ नसलेल्या बहिणी घरोघरी वाढत आहेत. त्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुलीच होत्या, ही लाजिरवाणी वस्तुस्थिती. चुलत-मामे भावंडे गणपतीत चार दिवस भेटतात. उरलेले वर्षभर मूल समवयस्कांच्याच वर्गात, समवयस्कांच्याच शिकवणीत आणि उरलेल्या वेळी पडद्यासमोर असते. घरातून जे सहज मिळत होते, ते आता जाणीवपूर्वक द्यावे लागणार आहे.

ते कसे द्यावे? मुलांना ओढून-ताणून एकत्र बसवणे हा उपाय नव्हे. मुलींना भोंडल्यात आणि मुलग्यांना आट्यापाट्यांत जो आनंद मिळतो, तो हिरावून घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. मात्र मोठ्यांनी स्वतःच्या काही सवयी तपासल्या पाहिजेत. लेसी हिलियार्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक बालवाडीच्या शिक्षिकेने जाणून घ्यावा असा आहे. काही वर्गांत शिक्षिकांनी दोन आठवडे 'मुलगे इकडे, मुली तिकडे' अशा रांगा लावल्या, मुलग्यांचा आणि मुलींचा वेगळा उल्लेख केला. एवढ्यानेच मुलांच्या मनातील साचेबंद कल्पना वाढल्या आणि एकमेकांबरोबर खेळणे कमी झाले. उलट बाजूने, लिसा सर्बिन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की, मुलगा-मुलगी मिळून खेळत असताना बाईंनी नुसती शाबासकी दिली तरी असे खेळ वाढतात. शाबासकी थांबली, तेव्हा मुले पूर्ववत वेगळी झाली. म्हणजे एखाद्या दिवसाचा उपक्रम येथे पुरत नाही. नित्याचा परिपाठ लागतो.

शासनाच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडतानाचे चित्र आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला, आणि त्यासाठीच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने पंचकोश विकासाची भारतीय संकल्पना स्वीकारून खेळाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पण पुस्तकातले वडील भाजी निवडत असताना घरातले वडील वर्तमानपत्रामागे बसलेले असतील, तर मूल कोणते पुस्तक वाचेल, हे सांगण्याची गरज नाही.

संस्कारवर्ग आणि बालशिबिरे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांवरही मोठी जबाबदारी आहे. शिबिरात मुलग्यांना कबड्डी आणि मुलींना रांगोळी, सतरंज्या उचलायला मुलगे आणि ताटे मांडायला मुली, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही. ती एकदा उलट करून पाहावी. पंगतीत वाढणारा मुलगा आणि शिट्टी वाजवून खेळ घेणारी मुलगी, यांतून कोणतीही परंपरा बुडत नाही. अर्धनारीश्वराची पूजा करणाऱ्या समाजाला मुलग्याच्या हातातील लाटण्याचे भय वाटू नये. गोकुळातल्या काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते आणि मग कोणती कोणाची, हे विचारले जात नाही. बालपणातील सख्य असेच असावे.

भातुकलीतून उठलेला मुलगा अजून दाराशी उभा आहे. सवंगडी हसत आहेत. अशा वेळी बाईंनी रागवायचे नाही, भाषणही द्यायचे नाही. कपबशी उचलून एवढेच म्हणायचे, "बाळ, चहा उकळला का? मलाही दे." मग आणखी दोघे चहा मागायला येतात.